कांदा, फणस आणि अँटिऑक्सिडंट

वनस्पतींमधील फ्लेव्होनॉइडे, त्यांची रासायनिक रचना आणि आपले ताट

फणसाचे जुने झाड कापल्यावर आतला गाभा गर्द पिवळा दिसतो. या लाकडाचे पाट आणि देव्हारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. आग्नेय आशियात त्याच्या भुशापासून भिक्षूंच्या चीवरांसाठी रंग काढत असत. हवा आणि उजेड लागून लाकूड जसजसे जुने होते तसतसा हा पिवळेपणा तपकिरीकडे झुकतो. कांद्याची कोरडी साले पाण्यात उकळली तर त्या पाण्यालाही असाच पिवळसर रंग चढतो.

फणसाच्या गाभ्यात मोरिन नावाचे एक पिवळे द्रव्य असते. कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन असते. दोघांच्याही रेणूत पंधरा कार्बन, दहा हायड्रोजन आणि सात ऑक्सिजन असे नेमके तेवढेच अणू आहेत. असे असूनही परीक्षानळीत मुक्त मूलके शमवण्याच्या बाबतीत क्वेर्सेटिनची शक्ती मोरिनच्या जवळजवळ दुप्पट भरते. अणू तेच आणि तेवढेच असताना हा फरक का पडावा? याचे उत्तर रेणूच्या रचनेत आहे. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाभोवती आज जो बाजार उभा राहिला आहे, त्याकडे डोळसपणे पाहायचे असेल तर ही रचना थोडीशी तरी समजून घ्यायला हवी.

मुळशी तालुक्यात, घोटावडे परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना हा शब्द मला हल्ली जवळजवळ रोज ऐकू येतो. एकीकडे भातशेती आणि दुसरीकडे हिंजवडीची संगणक कंपन्यांची वसाहत, असा हा भाग आहे. दोन्हीकडची कुटुंबे दवाखान्यात येतात आणि दोन्हीकडच्यांच्या पिशवीतून एखादा रंगीत डबा निघतो. त्यावर फळांची चित्रे आणि अँटिऑक्सिडंटचे मोठमोठे आकडे असतात. ज्या घरातील सुनेचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्या घरात महिन्याचे हजार-दीड हजार रुपये अशा डब्यावर खर्च होतात आणि सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेली लोहाची गोळी मात्र सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. ही विसंगती किती खोल आहे, ते पुढे रसायनशास्त्राच्याच आधारे दिसेल.

मुक्त मूलक म्हणजे काय?

रेणूंमधील इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीजोडीने राहतात. एखाद्या रेणूत जोडीदाराविना एकटा इलेक्ट्रॉन उरला, तर तो रेणू अस्वस्थ होतो आणि शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावू पाहतो. अशा रेणूला मुक्त मूलक म्हणतात. ज्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावला जातो तो स्वतः मूलक बनतो आणि अशी साखळी पुढे चालू राहते. पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि डीएनए यांना या साखळीची झळ बसू शकते. तंबाखूच्या धुरातून असे मूलक बाहेरून येतात. पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा काही मूलक शरीरातच तयार होतात.

परंतु मुक्त मूलकांना सरसकट शत्रू मानणे चूक ठरेल. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ही शस्त्रे मुद्दाम बनवतात. पेशी-पेशींमधील अनेक निरोपही त्यांच्यामार्फत जातात. शरीराला मूलकांचा निःपात नको असतो, त्यांचा तोल हवा असतो, आणि तो सांभाळण्यासाठी शरीराकडे स्वतःची विकरे आहेत. आहारातील द्रव्ये या व्यवस्थेच्या मदतीला येतात. त्यांतील एक मोठे कुटुंब म्हणजे फ्लेव्होनॉइडे. 'फ्लेव्हस' या पिवळा अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले.

पंधरा कार्बनांचा सांगाडा

सर्व फ्लेव्होनॉइडांचा मूळ सांगाडा एकच आहे. सहा कार्बनांचे एक वलय, सहा कार्बनांचे दुसरे वलय आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनांचा पूल. बहुतेक वेळा हा पूल एका ऑक्सिजन अणूला सामावून घेऊन मधले तिसरे वलय बनवतो. आपल्या सोयीसाठी एका टोकाच्या वलयाला 'अ', दुसऱ्या टोकाच्या वलयाला 'ब' आणि मधल्याला 'क' म्हणू. या सांगाड्यावर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांच्या जोड्या, लटकलेल्या असतात. त्या किती आहेत आणि कोठे आहेत, मधल्या वलयात द्विबंध आहे की नाही, एखाद्या गटाला शर्करा चिकटली आहे की नाही, यावरून हजारो वेगवेगळी फ्लेव्होनॉइडे घडतात.

वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाही. प्रखर उन्हातील अतिनील किरणांपासून पानांचा बचाव करणे, किडीला आणि बुरशीला थोपवणे, रंगाने मधमाश्यांना व पक्ष्यांना बोलावणे, ही त्यांची मूळ कामे. म्हणूनच ती बहुधा सालीत, बाहेरच्या पापुद्र्यांत, पानांत आणि फुलांत अधिक आढळतात.

या द्रव्यांच्या अभ्यासात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. कृष्णस्वामी वेंकटरमण हे मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ लाहोर येथे प्राध्यापक असताना, १९३३च्या सुमारास, त्यांनी फ्लेव्होन प्रयोगशाळेत तयार करण्याच्या मार्गातील एक कळीची अभिक्रिया शोधली. इंग्लंडमधील विल्सन बेकर यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली होती. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आज 'बेकर–वेंकटरमण पुनर्रचना' म्हणून शिकवली जाते. १९३८मध्ये वेंकटरमण मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७मध्ये पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. याच प्रयोगशाळेत साठच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फणसाच्या आणि त्याच्या कुळातील झाडांच्या लाकडामधील फ्लेव्होनॉइडांच्या रचना उलगडल्या. ज्या फणसाखाली आपण सावलीला बसतो, त्याच्या गाभ्यातील रंगांचा अभ्यास घोटावड्यापासून तासाभराच्या अंतरावर झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

रचना बदलली की शक्ती बदलते

एखादे द्रव्य मुक्त मूलक किती शमवते, हे मोजण्याच्या अनेक पद्धती आहेत. १९९६मध्ये लंडन येथील कॅथरीन राइस-इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक फ्लेव्होनॉइडांची एकाच पद्धतीने तुलना केली. ई जीवनसत्त्वाशी नाते सांगणाऱ्या, पण पाण्यात विरघळणाऱ्या एका द्रव्याची शक्ती १ धरून त्यांनी बाकीच्यांना गुण दिले. त्या मापाने क जीवनसत्त्वालाही सुमारे १ गुण मिळतो. क्वेर्सेटिनला ४.७ मिळाले. हा आकडा इतका मोठा का आला, हे त्याच्या भावंडांशी तुलना केल्यावर कळते.

पहिली गोष्ट 'ब' वलयाची. क्वेर्सेटिनच्या 'ब' वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट अगदी शेजारी-शेजारी आहेत. एकाने आपला हायड्रोजन मूलकाला दिला की स्वतः क्वेर्सेटिनच मूलक बनते. परंतु शेजारचा गट त्याला सावरून धरतो, आणि दुसराही हायड्रोजन निघून गेल्यावर रेणू स्थिर रूपात येतो. ज्याने दान दिले तो स्वतः उपद्रवी होत नाही, हे चांगल्या प्रतिऑक्सिडीकारकाचे लक्षण आहे. केम्फेरॉल हे शेवग्याच्या पाल्यातही आढळणारे द्रव्य. त्याची रचना हुबेहूब क्वेर्सेटिनसारखी आहे, फक्त 'ब' वलयावर दोनऐवजी एकच गट आहे. त्याला मिळालेले गुण १.३. एका गटाच्या अभावाने शक्ती एक-तृतीयांशाहूनही खाली आली.

फणसातील मोरिनचे कोडे येथेच सुटते. त्याच्या 'ब' वलयावर गट दोनच आहेत, परंतु ते शेजारी नाहीत. त्यांच्यामध्ये एक कार्बन सोडून बसले आहेत. त्यामुळे एकमेकांना आधार देता येत नाही आणि गुण अडीचच्या आसपास राहतात.

दुसरी गोष्ट मधल्या 'क' वलयाची. क्वेर्सेटिनमध्ये तेथे एक द्विबंध आहे आणि त्याला लागून एक कीटो गट आहे. या दोहोंमुळे रेणू सपाट राहतो आणि एकटा पडलेला इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरू शकतो. एका माणसाच्या डोक्यावरचे ओझे सगळ्या घराने वाटून घ्यावे, तसे हे आहे. चहातील कॅटेचिनमध्ये हायड्रॉक्सिल गट पाचच आहेत आणि क्वेर्सेटिनच्याच जागी आहेत. परंतु मधला द्विबंध आणि कीटो गट नाहीत. त्याला गुण मिळाले २.४.

तिसरी गोष्ट 'क' वलयावरील तिसऱ्या स्थानाची. तेथील हायड्रॉक्सिल गट नसला, म्हणजे रेणू ल्युटिओलिन झाला, तर गुण २.१ होतात. तो गट आहे, परंतु त्याला शर्करा चिकटली आहे, म्हणजे रेणू रुटिन झाला, तर गुण २.४ होतात.

चहाची गोष्ट येथे संपत नाही. चहातील काही कॅटेचिनांना गॅलिक आम्लाची जोड असते. या जोडीबरोबर शेजारी-शेजारी असलेले आणखी तीन हायड्रॉक्सिल गट येतात. अशा रेणूंचे गुण ४.८-४.९पर्यंत, म्हणजे क्वेर्सेटिनच्या बरोबरीला जातात. द्विबंधाची उणीव त्यांनी गटांच्या संख्येने भरून काढली.

घरच्या घरी पाहण्याजोगा रचनाबदल

रेणूच्या रचनेतील बदल डोळ्यांनी पाहायचा असेल तर कोकमाचा आगळ घ्यावा. त्याचा लाल रंग अँथोसायनिन या फ्लेव्होनॉइडांच्याच एका शाखेतील द्रव्यांमुळे आहे. कपभर पाण्यात चमचाभर आगळ घालून त्यात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाकत गेल्यास लाल रंग मावळून जांभळट-निळसर छटा येते. लिंबू पिळले की लाली परत येते. आम्लात या रेणूचे रूप वेगळे असते, अल्कात वेगळे, आणि रूपाप्रमाणे रंग बदलतो. जांभळाच्या रसावरही हा प्रयोग करता येतो. मुलांना सुटीत अवश्य दाखवावा. कोकमातील अँथोसायनिनांचा गाभा सायनिडिन हा आहे. त्याच्याही 'ब' वलयावर शेजारी-शेजारी दोन गट आहेत आणि वर सांगितलेल्या चाचणीत त्याला ४.४ गुण मिळाले होते.

परीक्षानळी आणि पोट

येथपर्यंतचे वाचून कोणालाही वाटेल की, ज्याचे गुण जास्त ते खावे, आणि जमल्यास त्याची गोळी घ्यावी. डब्यांवरचे आकडे नेमकी हीच समजूत करून देतात. परंतु आपण परीक्षानळी नव्हे.

फ्लेव्होनॉइडांपैकी थोडाच भाग आतड्यातून शोषला जातो. १९९५मध्ये नेदरलँड्समध्ये, शस्त्रक्रियेने मोठे आतडे काढलेल्या नऊ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात कांद्यातील क्वेर्सेटिनच्या ५२ टक्के शोषले गेले, शुद्ध क्वेर्सेटिनच्या २४ टक्के आणि रुटिनच्या केवळ १७ टक्के. कांद्यात क्वेर्सेटिनला ग्लुकोज जोडलेला असतो. रुटिनमध्ये दोन शर्करांची मोठी जोडी असते. परीक्षानळीत शर्करा ही अडचण होती, तीच ग्लुकोजच्या रूपात कांद्यातून आल्यावर आतड्याचे दार उघडणारी ठरली. शुद्ध गोळीपेक्षा भाकरीबरोबरचा कांदा सरस ठरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे यकृत आणि आतड्याच्या भिंती या परक्या रेणूवर काम सुरू करतात. त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथिल गट चिकटवून मूत्रावाटे बाहेर टाकण्याची तयारी करतात. हे गट चिकटतात ते बहुधा हायड्रॉक्सिल गटांनाच, आणि मिथिल गट तर शेजारी-शेजारी असलेल्या त्या जोडीलाच गाठतो. ज्या वैशिष्ट्यामुळे क्वेर्सेटिनला ४.७ गुण मिळाले, तेच शरीर प्रथम झाकून टाकते. रक्तात या द्रव्यांचे प्रमाण क जीवनसत्त्वाच्या किंवा युरिक आम्लाच्या तुलनेत अगदीच क्षुल्लक राहते.

अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या लायनस पॉलिंग संस्थेतील सिल्व्हिना लोटितो आणि बाल्झ फ्राय यांनी २००६मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. फळे खाल्ल्यावर रक्ताची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता वाढते खरी, परंतु ती मुख्यत्वे फळांतील शर्करेमुळे वाढणाऱ्या युरिक आम्लाची करामत असते, फ्लेव्होनॉइडांची नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१२मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेची आपली प्रसिद्ध तालिका संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि जाहिरातींसाठी त्यांचा गैरवापर होतो, असे कारण खात्याने दिले. तशाच पद्धतीचे आकडे आजही आपल्या दुकानांतील डब्यांवर झळकत आहेत.

मग फायदा होतो तो कसा?

फायदा नाहीच, असे नाही. नेदरलँड्समधील झुटफेन गावातील ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांचा पाच वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइडे अधिक होती, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. ही द्रव्ये येत होती चहा, कांदा आणि सफरचंद यांतून. दिवसाची सरासरी होती अवघी २६ मिलिग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या एका लाल कांद्यातून मिळू शकतील इतकी. अर्थात, असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. भाजी-फळे खाणारा माणूस अनेक अन्य बाबतींतही वेगळा जगत असतो.

आता संशोधकांचे लक्ष मूलक 'पुसण्या'कडून अन्य मार्गांकडे वळले आहे. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला नायट्रिक ऑक्साइड अधिक बनवण्यास मदत करतात व वाहिन्या सैलावतात. पेशीला सौम्य चिथावणी देऊन ती तिची स्वतःची संरक्षक विकरे वाढवतात. न शोषलेला मोठा भाग मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येतो आणि ते त्यातून लहान, उपयुक्त रेणू बनवतात. अमेरिकेत २१,४४२ ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोकोतील ५०० मिलिग्रॅम फ्लेव्हॅनॉल रोज देऊन पाहिले. हृदय व रक्तवाहिन्यांचे एकूण विकार लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत, मात्र त्या विकारांनी होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले. आशेला जागा आहे, डिंडिमाला नाही.

गोळ्यांचा अनुभव

'जास्त म्हणजे चांगले' ही समजूत अन्य अँटिऑक्सिडंटांच्या बाबतीत महागात पडलेली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे १९९४चे निष्कर्ष. अमेरिकेतील तशीच चाचणी १९९६मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. बीटा-कॅरोटीन फ्लेव्होनॉइड नाही, आणि गाजरातून मिळते तेव्हा ते उत्तमच आहे. परंतु अन्नातून सुटे काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर त्याचे वर्तन बदलले. २००९मधील एका जर्मन अभ्यासात नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्शुलिनच्या कार्यात होणारी सुधारणाच अडली. व्यायामाने निर्माण होणारे थोडे मूलक हाच शरीराला मिळणारा धडा होता आणि गोळ्यांनी तो पुसला.

हिरव्या चहाचा अर्क असलेल्या 'वजन कमी करण्याच्या' गोळ्यांबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये स्पष्ट इशारा दिला. त्यांतील मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताची विकरे वाढू शकतात. कपात भिजवलेला चहा आणि गोळीत कोंबलेला अर्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

काही फ्लेव्होनॉइडे औषध म्हणून आम्ही डॉक्टर लिहून देतो, हेही येथे सांगावे. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डायोस्मिन व हेस्पेरिडिन यांची गोळी दिली जाते. हेस्पेरिडिन संत्र्या-मोसंब्याच्या सालीत असते. सूज उतरवण्याच्या काही गोळ्यांत रुटिनचा भाऊबंद असतो. हंगेरीतील आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६मध्ये लिंबूवर्गीय फळांतील फ्लेव्होनॉइडे केशवाहिन्यांची गळती थांबवतात, असे पाहून त्यांना 'पी जीवनसत्त्व' हे नाव दिले होते. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र क जीवनसत्त्व आणि पेशींच्या श्वसनावरील कामाबद्दल. फ्लेव्होनॉइडांच्या अभावाने कोणताही विशिष्ट रोग होत नाही हे दिसल्यावर 'जीवनसत्त्व' ही पदवी काढून घेण्यात आली. गंमत अशी की, हेस्पेरिडिनच्या 'ब' वलयावर एका गटाला मिथिल चिकटलेला आहे आणि मधला द्विबंधही नाही. परीक्षानळीत त्याचा गाभा १.४ गुणांचा. तरीही शिरांच्या विकारांत उपयोग होतो तो त्याचाच. गुणांचा आकडा आणि रुग्णाचा गुण या भिन्न गोष्टी आहेत.

चहा आणि लोह : त्याच रचनेची दुसरी बाजू

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट मूलकाला शमवतात, त्याचप्रमाणे लोहाचा अणू चिमट्यासारखा पकडून ठेवतात. आपल्या पूर्वजांना हे रसायन व्यवहारातून ठाऊक होते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातले की काळीभोर शाई होते. हिरड्यातील टॅनिनांचे शेजारी-शेजारी असलेले गट आणि हिराकसातील लोह यांच्या बंधनाचाच तो काळा रंग. जेवणाबरोबर चहा घेतला की आतड्यात त्याच जातीचे बंधन घडते, आणि बांधलेले लोह रक्तात शिरत नाही.

१९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड हरेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात पावाबरोबर घेतलेल्या काळ्या चहाने लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. दूध घातल्याने त्यात विशेष फरक पडला नाही. म्हणजे आपला दुधाचा चहाही यातून सुटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ग्रामीण भागातील कितीतरी घरांत बाईची न्याहरी म्हणजे चहा-चपाती. शेतावर जाण्यापूर्वी चहा, जेवल्यावर पुन्हा चहा, पाहुणा आला की चहा. तिच्या ताटातील लोह मुळात वनस्पतिजन्य, म्हणजे आधीच शोषायला अवघड. त्यात प्रत्येक जेवणाला चहाची साथ. गर्भवतीला शासनाच्या योजनेतून १८० दिवस रोज मिळणारी लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली, तर त्या गोळीचे मोल बरेचसे वाया जाते. अशा बाईला 'अँटिऑक्सिडंट'चा महागडा डबा देण्यापेक्षा तिच्या चहाची वेळ बदलणे अधिक मोलाचे आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

चहा सोडण्याची गरज नाही. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. भाजी-भाकरीवर लिंबू पिळावे. क जीवनसत्त्व लोहाला शोषण्याजोग्या रूपात ठेवते आणि टॅनिनांचा अडथळा बऱ्याच अंशी कमी करते.

ताट कसे असावे?

लाल कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन सर्वाधिक असते. कोरडी साल काढावी, परंतु त्याखालचे दोन जाड थर सोलून फेकू नयेत. साधारण १०० ग्रॅम लाल कांद्यातून २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन मिळते. पांढऱ्या कांद्यात ते फारच थोडे असते. अलिबागचा पांढरा कांदा चवीसाठी खुशाल खावा, क्वेर्सेटिनसाठी लाल बरा.

शेवग्याचा पाला हा क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉलचा उत्तम साठा. परसातील झाडाच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीपुढे टाकतो. त्या पाल्याची डाळ घालून भाजी करावी. पालेभाज्या उकळून पाणी फेकल्यास फ्लेव्होनॉइडांचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो. ते पाणी आमटीत किंवा पिठात वापरावे.

जांभूळ, करवंद, कोकम यांचा गडद रंग म्हणजे अँथोसायनिने. ती त्या-त्या हंगामात खावीत. बाजारातील कोकम सरबतात साखर किती आहे, ते मात्र पाहावे. जांभळाने मधुमेह बरा होतो, या भरवशावर कोणीही औषध बंद करू नये.

कर्करोगावर उपचार घेणारे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, यकृताचे रुग्ण आणि गर्भवती यांनी कोणताही अर्क किंवा 'अँटिऑक्सिडंट' गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जो डबा घेत आहात, तो डॉक्टरांना दाखवावा. घरचे अन्न म्हणून संकोच करण्यासारखे त्यात काही नाही, आणि औषध म्हणून लपवण्यासारखेही नाही.

आमच्या भागात टेकड्यांवर करवंदाच्या जाळ्या अजून आहेत, जरी दरवर्षी प्लॉटिंगसाठी सपाट होणाऱ्या जमिनीबरोबर त्या कमी होत चालल्या आहेत. उन्हाळ्यात डोंगरावरून द्रोणात करवंदे आणून विकणाऱ्या बाया रस्त्याकडेला बसतात. त्यांच्याकडून दहा-वीस रुपयांची करवंदे घ्यावीत. द्रोणावर कोणताही आकडा छापलेला नसतो, आणि त्याची गरजही नाही. वनस्पतीने रेणू ज्या सोबतीत, ज्या शर्करेसह आणि ज्या मात्रेत बांधून दिला आहे, त्याच रूपात तो पोटात जावा, इतकेच आजवरच्या संशोधनातून खात्रीने सांगता येते.